निजामपुऱ्याची वाट

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांस काशी-रामेश्वर, हिमालयांतील बर्फ, निदान पावसाळ्यांतील महाबळेश्वर तरी अपेक्षित असतें. मला जो प्रवास सांगावयाचा आहे तो मैलभराचाहि नसेल. भिवंडींतील ब्राह्मण आळींतल्या आमच्या घराच्या ओट्यावरून उतरावयाचें, मंडईचा चिखल तुडवीत बाजार ओलांडावयाचा आणि निजामपुऱ्यांतील एका तिमजली इमारतीचा जिना चढावयाचा, एवढाच तो. परंतु २०१७ सालच्या पावसाळ्यांत हा प्रवास मीं दिवसांतून दोनदां, कधीं तीनदांहि केला, आणि बहुतेक वेळां हातांत एक लहानशी बर्फाची पेटी धरून केला. पेटींत काय होतें तें पुढें येईलच.

आमच्या गांवाचें दप्तरी नांव भिवंडी-निजामपूर. नगरपालिका होती तेव्हांहि तेंच होतें, महानगरपालिका झाल्यावरहि तेंच राहिलें. लग्न होऊन मी या गांवीं आलें त्यास तेव्हां सदतीस वर्षें झालीं होतीं, आणि जोडनांवाचा तो उत्तरार्ध मी घरपट्टीच्या पावतीवर दर वर्षीं वाचीत आलें होतें. पण प्रत्यक्ष निजामपुऱ्यांत मी गेलें असेन ती दोन-चारदांच. १९७० सालीं आणि पुन्हां १९८४ सालीं गांवांत ज्या दंगली झाल्या, त्यानंतर कांहीं भिंती अशा उभ्या राहिल्या कीं, त्या कोणी बांधल्या नाहींत आणि कोणी पाडल्याहि नाहींत. माणसें बाजारांत एकमेकांशीं हसून बोलतात, कापडाचे व्यवहार करतात, आणि संध्याकाळीं आपापल्या वस्तींत परततात. आमचेंहि तसेंच चाललें होतें.

या भागाची ओळख डोळ्यांच्या आधीं कानांस होते. गल्लींत वळतांच यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो, आणि तो इतका सर्वत्र असतो कीं, कांहीं वेळानें ऐकूं येईनासा होतो. पत्र्याच्या छपराखालीं अंधारी खोली, तींत रांगेनें माग, मागांमधून जेमतेम एक माणूस सरकेल एवढी वाट, आणि विजेच्या तारांवर कापसाची भुरी बसलेली. कोकणी मुसलमानांचीं येथील घराणीं फार जुनीं. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकरांचीं कुटुंबें आपली कला घेऊन निघालीं, त्यांतलीं पुष्कळ येथें स्थिरावलीं. पुढें हातमाग जाऊन यंत्रमाग आले, आणि भाताच्या व्यापाराचें हें बंदर कापडाचें गांव झालें. हें सारें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. माग कसा चालतो तें मात्र एका दारांत उभें राहून मीं साठाव्या वर्षीं पाहिलें.

आषाढ वद्यांतली रात्र होती. आमच्या पुतण्याच्या पत्नीला, आम्ही तिला धाकटीच म्हणतों, दिवस राहिल्यापासून एकतिसावा आठवडा चालू होता. संध्याकाळपासून तिचें डोकें दुखत होतें, पाय सुजले होते. नेहमींच्या डॉक्टरीणबाईंनीं रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. मूल आतां पोटांत ठेवलें तर दोघांच्याहि जिवास धोका होता. अकाली झालेल्या मुलांसाठीं सर्व सोय आणि त्या रात्रीं एक पेटी रिकामी, असें ठिकाण जवळपास एकच सांपडलें, तें निजामपुऱ्यांत. पहाटे तीनच्या सुमारास शस्त्रक्रिया होऊन मुलगी झाली. वजन १,२४० ग्रॅम. आमच्या स्वयंपाकघरांतील साखरेचा डबा याहून जड असतो.

सकाळीं घरीं आलें तों सासूबाई देवघरापाशीं बसलेल्या. त्यांना तेव्हां एक्याऐंशीवें वर्ष चालू होतें. त्यांनीं मुलगा कीं मुलगी हें विचारलें नाहीं. विचारलें एवढेंच, "सातवा कीं आठवा?"

सातमाशें मूल जगतें आणि अठमाशें जगत नाहीं, ही समजूत आपल्या घरांतून किती जुनी आहे हें वाचक जाणतातच. ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतहि ती आहे म्हणतात. हिशेबानें पाहिलें तर आठवा लागला होता. मी आणि माझ्या जाऊबाई एकमेकींकडे पाहत राहिलों, आणि जाऊबाई चटकन् म्हणाल्या, "सातवाच, आई." सासूबाईंनीं मान हालवली आणि जपाची माळ उचलली. डॉक्टरांना मीं नंतर ही समजूत सांगितली, तेव्हां ते म्हणाले, "अगदीं उलट आहे. पोटांत राहिलेला एकेक आठवडा बाळाच्या पदरांत पडतो." पण तें सांगण्याचा धीर घरांत कोणास झाला नाहीं.

तिसऱ्या मजल्यावरील त्या दालनांत शिरण्याचा विधि मला प्रथम चमत्कारिक वाटला आणि मग अगदीं ओळखीचा वाटला. चपला बाहेर. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवावयाचें. कोंपरापर्यंत हात साबणानें घांसावयाचे, मग नळ हातानें बंद करावयाचा नाहीं, कोंपरानें करावयाचा. धुतलेला अंगरखा घालावयाचा आणि मग कशासहि शिवावयाचें नाहीं. हें घरीं सांगितलें तेव्हां आमचीं कॉलेजांत शिकलेलीं मुलें म्हणालीं, "केवढें हें अवडंबर!" सासूबाई म्हणाल्या, "अवडंबर कसलें? सोवळें आहे. तुम्हांला तें कधीं पाळतां आलें नाहीं."

आंत सहा पेट्या होत्या. पहिली अशी पेटी पॅरिसमध्यें तार्निए नांवाच्या प्रसूतितज्ज्ञानें १८८० च्या सुमारास बनवून घेतली, ती कोंबडीचीं अंडीं उबविण्याचें यंत्र पाहून. आमच्या मुलीला त्या पेटींत पाहतांना ही गोष्ट मला ठाऊक नव्हती तें बरें झालें. तिचे केस, नखें, कानाच्या पाळ्या, सारें कांहीं होतें; पण सारेंच जणुं कोणी घाईनें रेखाटून ठेवलें होतें. कातडींतून निळ्या शिरा दिसत. नाकांत दोन बारीक नळ्या, आणि त्यांचें दुसरें टोंक पाण्याच्या बाटलींत. त्या पाण्यांत बुडबुडे येत राहिले म्हणजे हवेचा दाब फुप्फुसांस उघडें ठेवीत आहे असें समजावयाचें. पहिले दोन दिवस मी मुलीकडे कमी आणि त्या बुडबुड्यांकडे अधिक पाहत होतें.

फुप्फुसांविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या फुप्फुसांत एक स्निग्ध द्रव्य तयार झालेलें असतें, त्यामुळें श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटत नाहींत. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत तें पुरेसें नसतें, हें मेरी एलन ॲव्हरी या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनीं १९५९ सालीं दाखवून दिलें. १९८० सालीं जपानांत फुजिवारा यांनीं तें द्रव्य बाहेरून देऊन मुलें वांचविलीं. आज तें कुपींतून मिळतें, महाग असतें, आणि बहुतेक गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसांतून काढलेलें असतें. आमच्या मुलीला पहिल्याच पहाटे तें दिलें होतें. शेजारच्या पेटींत एक मुलगा होता, मागवाल्यांच्या घरचा, एकोणतिसाव्या आठवड्यांतला; त्यालाहि दिलें होतें. १८५७ सालीं काडतुसांच्या चरबीवरून शिपाई बिथरले, त्या धुमाळींतून ज्यांचे पूर्वज येथवर आले त्यांचें मूल आणि आमचें मूल शेजारीं शेजारीं त्याच दोन प्राण्यांच्या देण्यावर श्वास घेत होतीं. दोन्ही बापांनीं कागदावर सही केली होती. कुपींत कोणाचें काय, हें कोणीच विचारलें नव्हतें. आमचे चुलत सासरे कर्मठ आहेत. त्यांना हें अजूनहि कोणी सांगितलेलें नाहीं, आणि ते मासिकें वाचीत नाहींत.

त्या मुलाच्या आजी दिवसभर बाहेरच्या बांकावर बसत. वय पंचावन्नच्या आंतबाहेर, हातांत तसबीह, बोलणें आझमगडकडचें. पहिल्या दिवशीं मी पेटीच्या खिडकींतून हात घालूं लागलें, तेव्हां त्यांनीं कांचेबाहेरून मला खूण केली आणि नंतर म्हणाल्या, "बहनजी, पहले हाथ गरम कर लिया करो." सिस्टरांनीं सांगितलें नव्हतें, त्यांनीं सांगितलें. पुढें मी त्यांना आपा म्हणूं लागलें.

तिसऱ्या दिवशीं दुधाचा प्रश्न उभा राहिला. अशा मुलाला आईच्या दुधासारखें औषध नाहीं. वरचें दूध दिलें तर आंतडीं बिघडण्याचें भय असतें. दर दोन तासांनीं दोन मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचाहि नव्हे, नळीनें पोटांत सोडावयाचें होतें; आणि तेवढेंहि धाकटीला येईना. तिचा रक्तदाब उतरत नव्हता, आणि रडणें थांबत नव्हतें. आपांच्या सुनेला मात्र दूध पुष्कळ होतें. त्यांचें बाळ एवढुसें, वाया जाई. आपा आपण होऊन मला म्हणाल्या, "तुमच्या पोरीला द्या कीं."

त्या रात्रीं आमच्या घरीं जी चर्चा झाली ती मी येथें सगळी लिहीत नाहीं. कोणी जातीचें नांव काढलें, कोणी धर्माचें. माझे यजमान चिडून म्हणाले कीं, गाईचें दूध पितांना तिची जात कोण विचारतो. धाकटी पलंगावरून क्षीण आवाजांत म्हणाली, "तिला द्या हो काय द्यायचें तें." अखेर सासूबाईंनीं निवाडा केला, द्यावें. दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, आपांच्या घरींहि रात्रभर हाच प्रश्न चालला होता. त्यांच्या धर्मांत एका बाईचें दूध प्यालेलीं मुलें बहीणभाऊ होतात आणि त्यांचा आपसांत विवाह होऊं शकत नाहीं. त्यांच्या दिरांनीं ही अडचण काढली होती. आपा मला सांगूं लागल्या आणि सांगतां सांगतां त्यांनाच हंसूं आलें: "मीं म्हटलें, यांच्या घरची मुलगी आपल्याकडे येणार होती का?" मलाहि हंसूं आलें. त्या बांकावर कोणी हंसल्याचा तो पहिलाच प्रसंग.

आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं सरळ नाहीं म्हटलें. त्यांचें कारण आम्हां दोन्ही घरांपैकीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नव्हतें. दुसऱ्या स्त्रीचें दूध कच्चें द्यावयाचें नाहीं. त्यांतून रोग जाऊं शकतात. तें आधीं तपासावें लागतें, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवावें लागतें, मग गोठवून ठेवावें लागतें. तशी पेढी या इमारतींत नव्हती. दोन घरांनीं रात्र जागून जो प्रश्न सोडविला तो कोणी विचारलाच नव्हता. त्याच संध्याकाळीं धाकटीला तीन मिलिलिटर दूध आलें.

सहाव्या दिवशीं तिला घरीं सोडलें. मातांना राहण्यास तेथें जागा नव्हती. तेव्हांपासून माझी पेटी सुरू झाली. ती दिवसा तेथें जाऊन बसे, पण रात्रीचें आणि पहाटेचें दूध घरीं काढून, वाटीवर तारीख-वेळ लिहून, बर्फांत ठेवून, मला पोंचवावें लागे. पहिल्या दिवशीं वाटींत सहा मिलिलिटर होतें. मंडईच्या गर्दींतून मी तें असें नेलें कीं, लोकांना वाटावें, बाईच्या हातांत भरलेली घागर आहे. निजामपुऱ्याच्या नाक्यावरच्या चहावाल्यानें आठवड्याभरांत ओळखलें. पाऊस फार असला तर तो हातगाड्या बाजूस करावयास लावी. एका माग-कारखान्याच्या दारांत मी छत्री मिटून उभी राहत असें. आंतला मुलगा तुटलेला धागा इतक्या चपळाईनें जोडी कीं, माग थांबला होता हें कापडावर दिसत नसे.

या नीट ओळखीच्या झालेल्या आवाजाची मला एका दुपारीं भीति वाटली. तो एकाएकीं बंद पडला. सबंध गल्ली निःशब्द झाली. वीज गेली होती. २००७ सालीं भिवंडीचा वीजपुरवठा टॉरेंट कंपनीकडे आल्यापासून पूर्वीचें रोजचें भारनियमन उरलें नव्हतें, पण पावसांत तार तुटावयाची ती तुटतेच. मी जिना कसा चढलें मला ठाऊक नाहीं. वर बुडबुडे येत होते; खालीं जनित्र सुरू झालें होतें. माग थांबला तर धागा जोडतां येतो, एवढाच विचार त्या पायऱ्यांवर डोक्यांत होता. पुढें ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत अशाच दालनास आग लागून दहा बालकें गेलीं, ती बातमी वाचतांना मला तो जिना आठवला आणि वर्तमानपत्र खालीं ठेवावें लागलें.

नवव्या दिवशीं आपांचा नातू गेला, म्हणजे सायनला नेला. खाजगी ठिकाणचा रोजचा खर्च मागावरच्या कमाईला झेपणारा नव्हता. आमच्याकडे तीन भावांचा पगार आणि विकण्याजोगें सोनें होतें, एवढाच दोन पेट्यांतला फरक. सरकारी रुग्णवाहिकेंत त्या मुलाला चढवितांना आपांनीं माझ्या हातांत आपली छत्री दिली आणि ती परत घेण्यास विसरल्या.

ती छत्री देण्यासाठीं मी पंधरा दिवसांनीं सायनला गेलें. अंजूर फाटा सोडला कीं काल्हेर-काशेलीपर्यंत दोहों बाजूंस गुदामें आणि रस्त्यावर मालमोटारींची रीघ. खाडीचा पूल येतो, मग ठाणें, आणि तेथून द्रुतगती मार्ग. त्या रीघेंत आमची गाडी पाऊण तास जागची हालली नाहीं. एवढ्या वेळांत आपांनीं काय केलें असेल, हाच विचार मनांत येत होता. मुलगा होता, जगला होता. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातेच्या दुधाची पेढी सुरू केली, आशिया खंडांतील पहिली. आपांची सून रस्त्याच्या दगदगीनें आटली होती, आणि त्यांचा नातू त्या पेढींतील दूध पीत होता, तापविलेलें, तपासलेलें, कोणा-कोणा बायकांचें एकत्र केलेलें. "आतां याच्या बहिणी किती आणि कोण, अल्लाला ठाऊक," आपा म्हणाल्या. "मौलवीसाहेब म्हणाले, जीव पहिला."

इकडे आमच्या मुलीचें वजन १,४०० वर गेलें, नाकांतल्या नळ्या निघाल्या, आणि सिस्टरांनीं सांगितलें कीं, आतां बाळाला आईच्या छातीशीं, कातडीस कातडी लावून, तासन्‌तास धरावयाचें. कांगारूप्रमाणें. ही युक्ति दक्षिण अमेरिकेंत, कोलंबियांतील बोगोटा शहरीं, १९७८ सालीं डॉ. रेय यांनीं काढली. पेट्या थोड्या आणि मुलें फार, अशा अडचणींतून. पुढें मोठमोठ्या रुग्णालयांनीं ती तपासून पाहिली, आणि २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अशा मुलांना जन्मतांच ही ऊब द्यावी असें सांगितलें. धाकटी दोन-तीन तास धरी, मग तिला घेरी येई. पुतण्या धरी. मीं धरलें. सिस्टर म्हणाल्या, घरांत आणखी कोणी निरोगी माणूस असेल तर चालेल.

सासूबाई म्हणाल्या, "मी येतें."

आजवर त्या निजामपुऱ्यांत कधीं गेल्या नव्हत्या. आम्हीं त्यांना खुर्चींत बसवून तीन जिने चढविलें. माग-कारखान्यांतलीं दोन मुलें मदतीस आलीं. आंत त्यांनीं बांगड्या काढल्या, कोंपरापर्यंत हात घांसले, चोळीच्या गांठी सोडल्या, आणि सिस्टरांनीं ती मूठभर पोर त्यांच्या सुरकुतल्या छातीवर पालथी ठेवून वरून नऊवारीचा पदर गुंडाळला. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्या माझ्याकडे न पाहतां म्हणाल्या, "आठवाच होता ना? मला सातवा म्हणून सांगितलेंत."

मीं मान खालीं घातली.

"पंचावन्न सालीं माझा पहिला असाच आठव्यांत झाला. कापसांत गुंडाळून शेगडीजवळ ठेवला होता. चार दिवस होता. सोयर होतें, बाळंतिणीच्या खोलींत कोणी येत नसे. आणि अशक्त आहे, हाताळूं नको, म्हणून मलाहि कोणी धरूं दिला नाहीं."

माझे यजमान आपणांस या घरांतलें थोरलें अपत्य समजत साठ वर्षांचे झाले होते. तें त्यांना त्या रात्रीं कळलें. सासूबाई मात्र आणखी कांहीं बोलल्या नाहींत. अर्ध्या तासानें सिस्टर बाळ घेण्यास आल्या, तेव्हां त्यांनीं विचारलें, "एवढ्यांत वेळ झाली?" दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या माझ्या आधीं तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या.

चवथ्या आठवड्यांत डोळ्यांचे डॉक्टर आले. अशा मुलांच्या दृष्टिपटलावरील शिरा अर्धवट वाढलेल्या असतात, त्या भलत्या वाढल्या तर दृष्टि जाते. म्हणून महिन्याच्या आंत डोळे तपासावे लागतात. तें तपासणें पाहवत नाहीं. डोळे ठीक निघाले. अडतिसाव्या दिवशीं, गणपति बसण्यास तीन दिवस असतां, १,८१० ग्रॅमची आमची मुलगी ब्राह्मण आळींत आली. बाराव्या दिवसाचें बारसें केव्हांच टळलें होतें. तें दिवाळींत केलें. आपांचा नातू बकरी ईद झाल्यावर घरीं परतला. छत्री मीं दिली होती. त्यांनीं ती बारशाच्या दिवशीं पुन्हां आमच्याकडे विसरली, ती आतां आमचीच आहे.

घरीं आल्यावर एक नवीच अडचण उद्‌भवली. मुलगी रात्रीं झोंपेना. पोट भरलेलें, अंग गरम, दुखणें कांहीं नाहीं. पण दिवे मालवून घर शांत झालें कीं टक्क जागी. तीन रात्री सारें घर आळीपाळीनें तिला खांद्यावर घेऊन फिरलें. चौथ्या रात्रीं सासूबाई उठल्या, माजघरांतल्या जुन्या शिवणयंत्रापाशीं जाऊन बसल्या आणि दोरा न ओंवतांच पायटा हालवूं लागल्या. खडखड खडखड. पोरीनें दोनदां डोळे मिटले, एकदां उघडले, आणि झोंपली. पुढें दीड-दोन महिने रात्रीं दोन वाजतां आमच्यापैकीं कोणी तरी एक जण तें यंत्र रिकामेंच चालवीत बसलेला असे.